जामच्या चौरस्त्यावरून

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलो की समुद्रपूर तालुक्यात जाम येते. या चौरस्त्यावरून एक वाट हिंगणघाटकडे, दुसरी वरोऱ्यामार्गे चंद्रपूरला जाते. आजूबाजूचा मुलूख कापसाचा.

हिंगणघाटचा कापूस एकेकाळी थेट इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिथला माल अडला, तेव्हा व्यापाऱ्यांना आपला मुलूख आठवला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. आपण विकत होतो तो कच्चा माल. भाव गेला की आधारही गेला.

बांगलादेशाचे थोडे वेगळे झाले. दक्षिण कोरियाच्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी मर्यादा घातल्या, म्हणून तिथल्या देवू कंपनीने १९७८ मध्ये चटगावच्या 'देश गारमेंट्स'शी करार केला. तेव्हा शिवणकामासाठी या देशाचे नाव कुणी घेत नव्हते. सुमारे १३० जण कोरियात काम शिकून आले. त्यांतल्या अनेकांनी पुढे इतर कारखाने उभारले, चालवले. कसब देशातच राहिले.

पण २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा कोसळला. अकराशेहून अधिक जीव गेले. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले होते.

म्हणून दूरच्या देशात काम देणाऱ्याने मजुरीचा दर विचारण्याआधी इमारत पक्की आहे का, हे विचारावे. आणि आपल्या दारी काम येईल तेव्हा आपण एवढेच मागावे: आमच्या मुलामुलींना ते पुरते शिकवा.