अंगावरचे दूध आणि पाठचे भावंड

सात रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात तरुण आई सहसा एकटी येत नाही. बरोबर सासूबाई असतात, नाहीतर आई असते. कडेवर वर्ष-सव्वा वर्षाचे मूल असते. तक्रार मुलाच्या सर्दी-खोकल्याची असते, पण मनातला प्रश्न उठता उठता निघतो : "डॉक्टरबाई, दुसऱ्याचा विचार करतोय. पण हा अजून अंगावर पितो. तोडायला हवं का?" प्रश्न सून विचारते आणि उत्तर ऐकायला सासूबाई खुर्ची पुढे ओढतात.

म्हणूनच हा लेख मी मुख्यतः घरातील ज्येष्ठांसाठी लिहीत आहे. आपल्याकडे मुलाचे दूध तोडण्याचा निर्णय आई एकटी घेत नाही. कोरफडीचा गर लावायला सांगणारी आजीच असते आणि नातवाला चार दिवस आपल्याजवळ ठेवून घेणारीही आजीच असते. पाळणा पुन्हा केव्हा हलणार, ही विचारणाही बहुधा आजी-आजोबांकडूनच होते. तेव्हा या विषयातील नेमके ज्ञान त्यांच्यापाशी असलेच पाहिजे.

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत दोन परस्परविरोधी समजुती आढळतात. पहिली अशी, की मूल अंगावर पिते तोवर दिवस जात नाहीत. दुसरी अशी, की दूध तोडल्याशिवाय दिवस राहणारच नाहीत. या दोन्ही समजुतींत अर्धे सत्य आहे आणि अर्ध्या सत्यावर विसंबल्यामुळेच घोटाळे होतात.

शरीराचे काम असे चालते. बाळ स्तन चोखू लागले की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते आणि दूध तयार होते. चोखण्याच्या त्याच संवेदनेमुळे बीजकोशाला चालना देणारे मेंदूचे संदेश मंदावतात, बीज पक्व होत नाही आणि पाळी येत नाही. येथे दूध किती येते यापेक्षा बाळ किती वेळा पिते, विशेषतः रात्री किती वेळा पिते, याला महत्त्व आहे. इटलीतील बेलाजिओ येथे 1988 साली जमलेल्या तज्ज्ञांनी याचा नेमका नियम मांडला. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, ते रात्रंदिवस केवळ आईच्याच दुधावर असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, तर गर्भधारणेची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. एक जरी सुटली, तरी हे संरक्षण भरवशाचे राहत नाही.

सहा महिन्यांनंतर बाळ भाताची पेज, नाचणीचे सत्त्व खाऊ लागते, अंगावर पिणे कमी होते आणि बीजकोश जागा होतो. यातील एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. "पाळीच आली नव्हती, मग हे कसं झालं?" असे विचारणारी, चौथा महिना लागलेली आई दरवर्षी एखादी तरी माझ्यासमोर बसते. ज्यांना पाळणा लांबवायचा आहे, त्यांनी दुधाच्या भरवशावर राहू नये. तांबी, 'अंतरा'चे इंजेक्शन, 'छाया'च्या गोळ्या ही साधने सरकारी दवाखान्यांत मिळतात. दूध पाजणाऱ्या आईसाठी कोणते साधन आणि केव्हापासून, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आता दुसरी समजूत. पाळी नियमित येऊ लागली असेल, तर मूल दिवसातून दोन-तीन वेळा अंगावर पीत असले तरी दिवस राहू शकतात. सुरुवातीच्या एक-दोन पाळ्यांत काही वेळा बीज सुटत नाही किंवा गर्भ रुजण्यास पुरेसा अवधी मिळत नाही, पण पुढे हे आपोआप सुरळीत होते. अशा वेळी दूध तोडण्याची घाई कशासाठी? मूल वर्षाचे झाले तरी पाळी आलेली नसेल, तर आधी गर्भधारणेची तपासणी करावी. मग हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहावे. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईड बिघडण्याचे प्रमाण कमी नाही. सारे ठीक असेल, तर रात्रीचे एकेक पाजणे हळूहळू कमी करावे. पुष्कळदा एवढे पुरते. दूध आटवण्याची किंवा बीज फुगवण्याची गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नये. वयाच्या पस्तिशीपर्यंत वर्षभर आणि त्यानंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

पण दिवस राहू शकतात का, याआधी विचारायचा प्रश्न आहे : आईचे शरीर तयार आहे का? एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आईचे वय पस्तिशीपुढे असेल, तर डॉक्टरांशी बोलून हे अंतर थोडे कमी करता येते, परंतु पहिल्या सहा महिन्यांत नव्याने दिवस राहणे टाळावेच. पहिले सिझेरियन असेल आणि दोन बाळंतपणांत दीड वर्षाहूनही कमी अंतर पडले, तर नैसर्गिक प्रसूतीच्या वेळी गर्भाशयावरचा जुना टाका उसवण्याचा धोका वाढतो.

हिशेबही समजून घ्यावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 आणि पुढच्या सहा महिन्यांत सुमारे 520 उष्मांक जादा लागतात. गरोदरपणात जादा 350 उष्मांक लागतात. दोन्ही एकाच वेळी आले, तर दोन्हींची तरतूद एकाच ताटातून करावी लागते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या शहराच्या पूर्व भागातून विड्या वळणारी एक आई गेल्या वर्षी माझ्याकडे आली. धाकटा दीड वर्षाचा, आणि दुसऱ्यासाठी घाई. तिचे हिमोग्लोबिन 8.6 भरले. दूध तोडू नकोस, आधी रक्त भर, असे मी तिला सांगितले. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात आणि अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात, हे तिच्या सासूबाईंना ठाऊकच नव्हते. समजल्यावर मात्र जेवणानंतरचा चहा बंद करून लिंबू पिळलेले वरण आणि गोळी त्या स्वतः सुनेच्या हाती देऊ लागल्या. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 झाले. 12 झाल्यावर फॉलिक आम्लाची गोळी सुरू करून मग विचार करा, असे मी सुचवले. ती गोळी दिवस राहण्यापूर्वी किमान महिनाभर घेतलेली असावी.

दिवस राहिल्यावर आजी हमखास म्हणतात, "आता दूध लगेच तोड, गरोदर बाईचं दूध बाधतं." ही समजूत फार जुनी आहे. गर्भिणी आईचे दूध पिणाऱ्या मुलाला होणारा 'पारिगर्भिक' हा रोग माधवनिदानात सांगितला आहे. खोकला, मंद झालेली भूक, सुकलेले अंग, वाढलेले पोट ही त्याची लक्षणे. त्याचेच दुसरे नाव 'परिभव', म्हणजे पराभव किंवा अवमान. आश्चर्य असे, की 1930 च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी कुपोषणाच्या एका आजाराचे वर्णन केले आणि त्याचे तिथले स्थानिक नावच वैद्यकात रूढ केले : क्वाशिओरकर. त्या शब्दाचा आशय असा, की पुढचे मूल येते तेव्हा जागा गमावलेल्या आधीच्या मुलाला होणारा आजार. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन समाजांनी एकच गोष्ट पाहिली होती. पुढचे बाळ पोटात येते तेव्हा आधीचे बाळ सुकते.

निरीक्षण खरे होते. त्याचे कारण मात्र दुधातील विष नव्हे. गरोदर आईचे दूध निरुपद्रवी असते. ते चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास कमी होते, चवही बदलते आणि काही मुले आपण होऊनच सोडतात. मूल सुकते ते दूध आटल्यावर किंवा एकाएकी तोडल्यावर त्याच्या वाटीत पातळ पेजेशिवाय काही पडत नाही म्हणून. गरोदरपण निरोगी असेल, तर पाजत राहण्यास हरकत नसते. रक्तस्राव होत असेल, पोटात कळा येत असतील, आधीचे बाळंतपण दिवस भरण्यापूर्वी झाले असेल, जुळे असेल किंवा आईचे वजन वाढत नसेल, तर पाजणे थांबवून डॉक्टरांना भेटावे. आधीचे मूल वर्षाच्या आतले असेल, तर त्याचे वजन दर महिन्याला पाहावे आणि वरचे दूध कोणते व किती, हे विचारून घ्यावे. नवे बाळ जन्मल्यावर चीक आणि दूध यांवर पहिला हक्क त्याचा. थोरल्याने नंतर प्यावे.

या सगळ्यात ज्येष्ठांनी काय करावे? मोठ्या नातवाची वाटी आपल्या हाती घ्यावी. मऊ भातात घट्ट वरण, वर चमचाभर तूप, घरात चालत असेल तर अंडे, भिजवलेल्या भाकरीचा कुस्करा, भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट, असे दिवसातून चार-पाच वेळा भरवावे. रात्री त्याला आपल्या कुशीत झोपण्याची सवय लावावी, पण ती दिवस राहण्याच्या आधीपासून. सवय आधी झाली, की नव्या बाळाने आपली जागा घेतली असे त्याला वाटत नाही. दूध सोडवायचेच असेल, तर कडू लेप न लावता दर आठवड्याला एकेक वेळ कमी करावी आणि त्या जागी गोष्ट, फेरफटका, खाऊ द्यावा. सुनेला 'केव्हा' असे विचारण्याऐवजी 'आज गोळी घेतलीस का, जेवलीस का' असे विचारावे.

दुसरे मूल हवे असणे ही आनंदाची इच्छा आहे. तिच्यासाठी पहिल्याच्या तोंडचा घास काढावा लागत नाही. दूध आई देईल तोवर देईल, निसर्ग आपली वेळ साधेल. त्या वेळेपर्यंत आईचे रक्त आणि थोरल्याची वाटी भरलेली ठेवणे, एवढे काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे.