वाऱ्याची तालीम

ऑर्गन हे श्वासाचे वाद्य आहे, पण तो श्वास वाजवणाऱ्याचा नसतो. बासरीच्या स्वराची लांबी वादकाच्या छातीवर ठरते, सनईवाला गालात हवा साठवून स्वर अखंड ठेवतो, गायकाला ओळीतल्या कोणत्या अक्षरानंतर दम घ्यायचा याचा निर्णय करावा लागतो. पाइप ऑर्गनच्या बाकावर बसणाऱ्याला मात्र हवा आयती मिळते आणि ती कधी सरत नाही. एके काळी वाद्याच्या मागे भाते दाबणारी माणसे उभी असत, आता तेथे विजेचा पंखा असतो. कोळशाच्या भूमिगत खाणीत तोंडाशी बसवलेला पंखा जसा कोणाच्या नजरेत न येता आतल्या बोगद्यांना हवा पुरवत राहतो, तसाच हा पंखा सुरांच्या नळ्यांखालच्या हवापेटीत दाब टिकवून धरतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुससारख्या गावात, जिथे वर्धा नदीच्या काठाने खाणी, सिमेंटचा कारखाना आणि लोखंडाची भट्टी उभी आहे, तिथे ही यंत्ररचना समजावून सांगायला फारसे श्रम पडणार नाहीत. समजावून सांगावे लागेल ते हे, की एवढ्या यंत्रातून संगीत निघते कसे, आणि ते शिकायला माणसाला वर्षानुवर्षे का लागतात.

वाद्याची रचना अशी असते. हवापेटीवर लहानमोठ्या नळ्यांच्या रांगा उभ्या असतात. प्रत्येक रांगेचा आवाज वेगळ्या जातीचा, आणि त्या रांगेला हवा द्यायची की नाही हे ठरवणारी एक खुंटी वादकाच्या हाताशी असते, तिला स्टॉप म्हणतात. पट्टी दाबली की तिच्या नळीखालची झडप उघडते आणि नळी बोलू लागते. बहुतेक नळ्या बासरीसारख्या, ओठावर हवा आपटून वाजणाऱ्या असतात. काहींच्या बुडाशी पितळेची जीभ असते आणि तिच्या कंपनातून स्वर निघतो. रांगांना नावे देताना लांबीचे माप सांगतात: आठ फुटी रांगेतली सर्वांत खर्जाची उघडी नळी सुमारे आठ फूट लांब असते, सोळा फुटी रांग तिच्याखाली एक सप्तक उतरते, चार फुटी एक सप्तक चढते, आणि नळीचे वरचे तोंड बंद केले तर निम्म्या लांबीत तोच खर्ज मिळतो. हातांसाठी पट्ट्यांचे दोन, तीन, क्वचित पाच मजले असतात, आणि पायांसाठी लाकडी पट्ट्यांचा एक स्वतंत्र संच असतो, ज्यात अडीच सप्तकांच्या आसपास स्वर बसतात.

पाश्चात्त्य संगीत महाविद्यालयात ऑर्गनचा विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा बहुधा त्याला पियानो चांगला येत असतो, आणि पहिला धक्का त्याला पायांकडून बसतो. पातळ चामड्याच्या तळाचे, किंचित टाच असलेले जोडे घालून त्याला टाच आणि चवडा यांनी स्वर शोधावे लागतात, तेही खाली न पाहता. गुडघे एकमेकांजवळ ठेवून, पावलांच्या अंतरावरून सा आणि प यांच्यातले अंतर ओळखायचे असते. त्याच्यापुढचे स्वरलेखन तीन ओळींत असते, दोन हातांच्या दोन आणि तिसरी पायांची. डाव्या हाताने आणि पायांनी वेगवेगळे बोलायचे, उजव्याने तिसरेच काही सांगायचे, आणि तिन्ही आवाज स्वतंत्र माणसांसारखे ऐकू यायचे, ही शिस्त शरीरात मुरायला फार काळ लागतो. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने वायमार येथे लिहिलेली छोटी ऑर्गन-पुस्तिका नवशिक्यासाठीच रचलेली आहे आणि तिच्या मुखपृष्ठावर पायांच्या अभ्यासाचा मुद्दाम उल्लेख आहे. वीज नव्हती त्या काळात सरावाला बसायचे तर भाते दाबणारा माणूस लागे आणि चर्चमध्ये थंडीही असे, म्हणून विद्यार्थी घरी पायपट्ट्या जोडलेल्या क्लॅव्हिकॉर्डवर, म्हणजे तारेच्या एका अगदी हलक्या आवाजाच्या वाद्यावर, पावलांना वळण लावीत.

दुसरा धडा अधिक अवघड, आणि या वाद्याचे सारे मर्म त्यातच आहे. ऑर्गनची पट्टी जोराने दाबली वा हळू, स्वर तेवढाच मोठा येतो. आणि बोट उचलेपर्यंत तो तिळमात्र न झिजता टिकतो. पियानोवर आघाताने जोर देता येतो, सतारीवर मींड घेता येते, गळ्याला लहर देता येते. येथे यांपैकी काही नाही. मग वजन कोठून आणायचे? विद्यार्थी हळूहळू शिकतो की स्वराचे वजन त्याच्या आधीच्या मौनात असते: मागचा स्वर केसभर लवकर सोडला तर पुढचा ठसठशीत वाटतो, उशिरा सोडला तर तो लपून येतो. बोट कधी ठेवायचे यापेक्षा कधी उचलायचे हे कळणे म्हणजे ऑर्गन येणे. न संपणाऱ्या हवेला श्वासाची जागा दाखवणे, हेच या शिक्षणाचे सार आहे.

आणि मग येते ती वास्तू. ऑर्गन घेऊन कोणी फिरत नाही. विद्यार्थी ऑर्गनकडे जातो. प्रत्येक वाद्य एका दालनासाठी घडवलेले असते, त्याच्या खुंट्यांची मांडणी निराळी, पट्ट्यांचा ताण निराळा आणि भिंतींचा घुमारा निराळा, त्यामुळे नव्या जागी गेल्यावर पाठ असलेली रचनाही पुन्हा बसवावी लागते. नळ्या वादकापासून सतरा मीटर दूर असतील तर त्याचाच स्वर त्याच्या कानी सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा येतो, आणि त्या उशिराकडे दुर्लक्ष करून लय धरायला शिकावे लागते. १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर चालत गेला तो बुक्स्टेहुडे या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकण्यासाठी. गुरूच्या शोधात गावे तुडवणाऱ्या गवयांच्या कथा ज्या समाजात सांगितल्या जातात, त्याला ही पायपीट परकी वाटू नये. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात १८७२ पासून १८९० पर्यंत सेझार फ्रांक ऑर्गन शिकवीत असे. त्याच्या वर्गातल्या परीक्षेत पाठ केलेल्या रचनेपेक्षा आयत्या वेळी दिलेल्या सुरावटीचा जागच्या जागी विस्तार करण्याला अधिक मान होता, ही गोष्टही रागविस्ताराची सवय असलेल्या कानांना जवळची आहे.

मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च आणि फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल येथे पाइप ऑर्गन आहेत. घुग्घुसमध्ये तो नाही आणि तो शिकवणारे महाविद्यालयही नाही. याचे कारण केवळ इतिहासात किंवा पैशात शोधणे अपुरे ठरेल. एक कारण थेट हवेत आहे. ओठाच्या नळीचा स्वर तिच्यातल्या हवेच्या तापमानावर अवलंबून असतो, कारण हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो आणि स्वर चढतो. चंद्रपूर जिल्ह्यात जानेवारीच्या पहाटे पारा बारा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात सेहेचाळीस अंशांच्याही वर जातो. या दोन टोकांमधल्या फरकाचे गणित मांडले तर उत्तर जवळजवळ पूर्ण अर्ध्या स्वराचे येते: थंडीत पहाटे पांढरी एकमध्ये मिळवलेली नळी मेच्या दुपारी काळी एकमध्ये बोलेल. त्यातही पितळी जिभेच्या नळ्या एवढ्या चढणार नाहीत, म्हणजे एकाच वाद्यातली दोन घराणी उन्हाळा येताच एकमेकांपासून फुटतील. कोळशाची आणि सिमेंटची धूळ नळ्यांच्या ओठांवर बसेल, कोरड्या हवेत हवापेटीचे लाकूड तडकेल, पावसाळ्यात चामडे सैल पडेल. जे वाद्य वास्तूला बांधलेले असते, ते ऋतूलाही बांधलेले असते.

म्हणूनच महाराष्ट्राने ऑर्गनचे जे रूप स्वीकारले ते नळ्यांचे नव्हते. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकाच्या आरंभी आलेक्सांद्र दबँ याने नळ्या काढून नुसत्या पितळी जिभांवर वाजणारी हार्मोनियम पुढे आणली; अमेरिकेत त्याच जिभांवर भात्याने हवा आत ओढून घेणारा, अधिक मृदू आवाजाचा पायऑर्गन तयार झाला. पितळेची जीभ ऊन-थंडीने फारच थोडी हलते, वाद्य बैलगाडीत चढवता येते, आणि भाता पायाने चालत असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीला आणखी काय हवे होते? १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाचा जो प्रवाह सुरू केला, त्यात पुढच्या पिढ्यांनी पायपेटी आणि ऑर्गन आणून बसवले, आणि गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असा मेळ जमला.

त्या ऑर्गनपुढे अडचण तीच होती जी पॅरिसच्या विद्यार्थ्यापुढे असते: स्वर वाकत नाही. सारंगी गळ्याच्या मागोमाग श्रुतीश्रुतीने सरकू शकते, ऑर्गन एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारतो. या दोषासाठी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत बंद राहिले. शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप खरा होता, पण रंगभूमीवर जे घडले होते त्याची त्यात दखल नव्हती. नाट्यगीताच्या साथीदाराने मींडेची नक्कल करण्याचा नाद सोडून दिला. नट जिथे स्वर लांबवतो तिथे ऑर्गन त्याच्याखाली सूर धरून थांबतो, नट दम घेतो त्या फटीत गेलेल्या ओळीचे शेवटचे वळण परत म्हणतो, आणि नट पुन्हा तोंड उघडण्याच्या क्षणभर आधी बोटे उचलून वाट मोकळी करून देतो. बोट केव्हा उचलावे, हाच तो पॅरिसचा धडा. फरक एवढाच की तेथे तो वास्तूच्या घुमाऱ्याकडून शिकायचा आणि येथे गाणाऱ्याच्या गळ्याकडून. गोविंदराव टेंबे आणि पुढे गोविंदराव पटवर्धन यांच्यासारख्यांनी ही विद्या एवढ्या उंचीला नेली की तिला साथ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून गायनाला वर्ग, इयत्ता आणि परीक्षा दिल्या. नाटकातल्या ऑर्गनची विद्या मात्र मुख्यतः तालमीच्या खोलीत, ऐकून आणि शेजारी बसून पोचत राहिली, आणि म्हणून कंपन्या मोडल्या तेव्हा तिचा बराच भाग त्यांच्याबरोबर विरून गेला.

चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र नाटक मोडले नाही. दंडार या लोकनाट्याच्या परंपरेतून वाढलेली झाडीपट्टी रंगभूमी आजही दिवाळीनंतरच्या मोसमात रात्ररात्र चालते, वडसा येथे तिच्या मंडळ्यांची केंद्रे आहेत, आणि २०२३ मध्ये तिचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यामुळे तिचे नाव देशभर पोचले. तेथे आता विजेचा की-बोर्ड वाजतो. त्याला भाता नाही, पाय रिकामे आहेत. तरीही तो वाजवणारा हात गाणाऱ्याच्या श्वासाची वाट पाहतो, आणि ती वाट पाहण्याची विद्या या दोन जिल्ह्यांत जिवंत आहे ही मोलाची गोष्ट आहे.

राहिल्या नळ्या, आणि येथे जंगलातल्या बांबूचा विचार करावा लागतो. फिलिपिन्समधील लास पिन्यास या गावी दिएगो सेरा या धर्मगुरूने १८१६ ते १८२४ या काळात एक ऑर्गन घडवला, ज्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. बांबूतल्या पिठूळ अंशावर किडे पडतात, म्हणून तोडलेले बांबू त्याने समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले आणि त्यातून जे टिकले तेच वापरले. भूकंप आणि वादळे सोसून ते वाद्य उरले, १९७० च्या दशकात जर्मनीतील बॉनच्या कारागिरांनी त्याची दुरुस्ती केली, आणि आज ते वाजते. तेही उष्ण आणि दमट प्रदेशातच. बांबूचे स्वर ऐकायला चंद्रपूरकरांनी एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे बस्तरमध्ये हवेत नुसती फिरवली की वाजणारी बांबूची बासरी आदिवासी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. या जिल्ह्यांत विपुल असलेला मानवेल जवळजवळ भरीव असतो आणि नळीसाठी फारसा उपयोगाचा नाही, पण कटांग पोकळ असतो. त्याच्या गाठी आतून फोडल्या तर उघडी नळी मिळते, वरची गाठ राखली तर बंद. ओठ कापायला बुरडाचा हात तयार आहे, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २०११ मध्ये बांबूवरचा ग्रामसभेचा हक्क प्रत्यक्षात आणल्यापासून तो बांबू कोणाचा, हा प्रश्नही पूर्वीइतका अडलेला नाही.

चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राने आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने एकत्र येऊन तीन सप्तकांची, सदतीस नळ्यांची एकच रांग घडवावी. बंद नळ्यांच्या अशा चार फुटी रांगेतली सर्वांत लांब नळीही दोन फुटांची असेल, म्हणजे सारे वाद्य शाळेच्या एका खोलीत मावेल. ऋतूप्रमाणे तिचा स्वर चढेल आणि उतरेल. त्याची वर्षभराची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी, आणि झाडीपट्टीच्या ज्येष्ठ साथीदारांना तिच्यापुढे बसवून त्यांची विद्या ध्वनिमुद्रित करून घ्यावी. घुग्घुसच्या मुलामुलींना ऑर्गन शिकायचा असेल तर पहिला वर्ग पॅरिसला भरण्याचे कारण नाही. तो चंद्रपूर जिल्ह्यातच भरू शकतो, आणि तो लवकर भरवावा.