सहीमागची सही

परदेशात वापरायच्या कागदावर अपॉस्टिलचा शिक्का बसला म्हणजे त्यातला मजकूर सरकारने खरा मानला, असा सर्रास समज असतो. हा शिक्का बोलतो तो फक्त सहीबद्दल: सही खरी आहे, करणारा त्या हुद्द्यावर होता, मोहोर त्याच कार्यालयाची आहे. जन्मदाखल्यात आईचं नाव चुकलं असेल, तर ते चुकलेलंच नाव राजमुद्रेनिशी सातासमुद्रापार जातं.

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आलेली ही पद्धत भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौरस, त्यात दहा ठरलेल्या नोंदी. मग करारातल्या देशासाठी वकिलातीची पायरी चढावी लागत नाही. कॅनडात हा करार लागू झाला तो थेट जानेवारी २०२४ मध्ये. अमिरातीने तो स्वीकारलेला नाही. म्हणून दुबईच्या नोकरीसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन, मग त्यांची वकिलात आणि तिथे उतरल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. जर्मनीची गंमत वेगळीच. करारात तेही आहेत, आपणही आहोत. पण भारताच्या प्रवेशाला त्यांनी हरकत घेतली, म्हणून दोघांमध्ये तो लागू नाही. त्यामुळे ‘बर्लिनसाठी अपॉस्टिल करून द्या’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, मागितलंय कुणी? पत्र दाखव.

अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर एजन्सीचं सेवाशुल्क. पण परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकाऱ्याला तुमच्या विद्यापीठातली सही कुठून ओळखू येणार? ती आधी मुंबईच्या मंत्रालयातल्या संबंधित विभागाने ओळखायची, आणि त्या विभागाची परराष्ट्र मंत्रालयाने. वाटेत एक जरी सही अनोळखी निघाली, तरी कागद परत.

खरं घोडं पेंड खातं ते मात्र याच्या कितीतरी आधी, नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मी ‘एक्स’ने, पासपोर्टवर ‘केएसएच’ने. पदवीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. जुन्या जन्मनोंदीत तर बाळाच्या नावाची जागाच कोरी, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं! नोंदीतली चूक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक दुरुस्त करतो. बदललेल्या नावासाठी राजपत्र. ही कामं व्हिसाची तारीख हातात पडल्यावर काढणाऱ्यांना माझ्याकडेही औषध नाही. प्रवेशअर्ज भरतानाच सगळे कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडून एकेक अक्षर ताडून बघावं.

आणि पदवी लॅमिनेट करू नये. आईवडील कौतुकाने करतात, पण त्या प्लॅस्टिकवर ना शिक्का धरत ना सही. सोलताना शाई सुटली, तर विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मागवायची आणि तेवढा वेळ हिशेबात धरायचा.