कॅबिनेटच्या पंख्याचा वेग

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटचा पंखा प्रोसेसरला थेट गार करत नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि हार्डडिस्क यांनी तापवलेली हवा बाहेर काढायची आणि तिच्या जागी खोलीतली हवा आत घ्यायची, एवढेच त्याचे काम. साधारणपणे पुढचे पंखे हवा आत ओढतात, मागचा आणि वरचा बाहेर टाकतात. हे काम घाईचे नाही. प्रोसेसरची चिप एका क्षणात वीस अंशांनी तापू शकते; पण हीटसिंकचा धातू, मदरबोर्ड, डिस्क असा आतला सगळा ऐवज तापायला आणि निवायला मिनिटे लागतात. वेगनियंत्रणाचे बहुतेक प्रश्न हा फरक लक्षात न घेतल्यामुळे उभे राहतात.

वेग कमी करण्यात मोठा फायदा आहे. पंख्याने हलवलेली हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, लागणारी वीज मात्र फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात उतरते. मिनिटाला 1200 फेऱ्यांवरून 600 वर आलेला पंखा निम्मी हवा हलवतो आणि त्याच्या पात्यांना एक अष्टमांश शक्ती पुरते. आवाज सुमारे 15 डेसिबलने खाली येतो. रात्री त्याच खोलीत कोणी झोपलेले असेल, तर हे 15 डेसिबल फार मोलाचे असतात. म्हणूनच 80 मिलिमीटरच्या छोट्या पंख्यापेक्षा 120 किंवा 140 मिलिमीटरचा पंखा घ्यावा. तितकीच हवा तो कमी फेऱ्यांत हलवतो.

वेग कसा बदलता येईल हे पंख्याच्या वायरी मोजल्या की कळते. कॅबिनेटचे पंखे 12 व्होल्टवर चालतात. दोन वायरींच्या पंख्याला नुसता वीजपुरवठा असतो. तो किती फिरतो ते संगणकाला समजत नाही. तिसरी वायर फेऱ्या कळवते. दर फेरीला ती दोन स्पंद पाठवते आणि त्यावरून मदरबोर्ड मिनिटाच्या फेऱ्या काढतो. या दोन्ही प्रकारांत वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावे लागते. चौथी वायर असली की पंख्याला पूर्ण 12 व्होल्ट कायम मिळत राहतात आणि वेगाचा हुकूम या वेगळ्या वायरीवरून जातो. हा हुकूम म्हणजे सेकंदाला सुमारे 25 हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत. त्यातला चालू असण्याचा वाटा जितका जास्त, तितका पंखा जोरात. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. 25 किलोहर्ट्झ ही वारंवारता माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेर असल्याने तिची गुणगुण ऐकू येत नाही. ही चौथी वायर तुटली किंवा जोडलीच नाही, तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. बिघाड झाला तरी यंत्र तापू नये, अशी ही सोय आहे.

मदरबोर्डवर नियंत्रणाची सोय नसे त्या काळात एक जुगाड फार चालायचा: एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मोठ्या कनेक्टरमधल्या पिवळ्या 12 व्होल्टच्या आणि लाल 5 व्होल्टच्या वायरींमध्ये पंखा जोडून त्याला 7 व्होल्ट द्यायचे. पंखा शांत होतो हे खरे, पण त्याचा परतीचा प्रवाह 5 व्होल्टच्या लाइनमध्ये शिरतो. ती लाइन प्रवाह देण्यासाठी असते, घेण्यासाठी नव्हे. पंखा शॉर्ट झाला तर 12 व्होल्ट थेट 5 व्होल्टच्या भागांवर येतात. हा प्रकार करू नये. साध्या पंख्याला कायमचे मंद ठेवायचे असेल, तर पंख्यासोबत मिळणारी रेझिस्टरची तयार जोडवायर त्याहून कितीतरी बरी.

आज हे सगळे बायॉसमध्ये करता येते. एसुसच्या मदरबोर्डवर त्याचे नाव क्यू-फॅन, गिगाबाइटच्या मदरबोर्डवर स्मार्ट फॅन. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक सॉकेटचा मोड पाहणे. तीन वायरींचा पंखा असेल तर डीसी, म्हणजे व्होल्टेज बदलणारा, चार वायरींचा असेल तर पीडब्ल्यूएम. तीन वायरींचा पंखा पीडब्ल्यूएम मोडवर राहिला, तर कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणाऱ्या बायॉसमधल्या आलेखात काहीही भरले तरी तो पूर्ण वेगानेच फिरतो, कारण हुकूम येतो ती वायरच त्याला नसते. ‘सेटिंग लागतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते. सॉकेटची क्षमताही पाहावी. सहसा ती 1 अँपिअर असते. त्यावर एकदोन पंखे चालतात. जास्त असतील तर एसएमपीएसवरून वीज घेणारा हब लावावा.

खरा निर्णय त्यापुढचा: पंख्याने कोणते तापमान पाहायचे? बहुतेक मदरबोर्ड मुळातच कॅबिनेटचा पंखा प्रोसेसरच्या तापमानाला बांधून देतात. प्रस्तुत लेखकाच्या नागपूरच्या संगणकावर याचा त्रास रोजचा होता. ब्राउझरमध्ये एखादे जड पान उघडले की प्रोसेसर 45 अंशांवरून 65 वर उडी घेई, मागचा पंखा घुंऽऽ करून उठे आणि पान उघडून होताच पुन्हा खाली येई. कॅबिनेटमधल्या हवेला तोवर काहीच झालेले नसे. एकसारखा आवाज कानाला सवयीचा होतो, चढउताराचा कधीच होत नाही. पंख्याचा संबंध मदरबोर्डच्या तापमानाशी जोडल्यावर ही धडपड थांबली. बोर्डाचे तापमान सावकाश चढते, पंखाही सावकाश चढतो. ज्यांच्या बायॉसमध्ये हा पर्याय नाही, त्यांनी निदान प्रतिसादाला उशीर लावणारी सेटिंग शोधावी. बोर्डानुसार तिची नावे वेगळी असतात. ग्राफिक्स कार्डावर खेळ किंवा व्हिडिओचे काम चालत असेल, तर बोर्डाचे तापमान त्या कार्डाची उष्णता उशिरा दाखवते. तिथे आलेखाचा मधला भाग जरा चढा ठेवावा.

आलेखाचे खालचे टोक अंदाजाने ठरवू नये. फिरत असलेला पंखा ज्या व्होल्टेजवर थांबतो, त्याहून बरेच जास्त व्होल्टेज थांबलेल्या पंख्याला उठवायला लागते. लिनक्सवर एलएम-सेन्सर्सबरोबरचा पीडब्ल्यूएमकॉन्फिग हा प्रोग्राम हे मोजून देतो. त्यात वेग 0 ते 255 अशा आकड्यांत असतो. प्रस्तुत लेखकाचा तीन वायरींचा मागचा पंखा 75 च्या आसपास, म्हणजे सुमारे साडेतीन व्होल्टवर थांबला. पुन्हा सुरू व्हायला त्याला 100, म्हणजे पावणेपाच व्होल्टच्या जवळपास लागले. त्या दोन आकड्यांच्या मध्ये पाती नुसती थरथरत होती. म्हणून तळ 110 वर ठेवला. पंखा जुना झाला, बेअरिंगचे तेल सुकले, की हे आकडे वर सरकतात. हे मोजमाप सॉफ्टवेअरने करावे, पण कायमचे नियंत्रण बायॉसकडेच असू द्यावे. ऑपरेटिंग सिस्टिम अडकली तरी ते चालू राहते.

हिवाळ्यात बसवलेला आलेख विदर्भाच्या मे महिन्यात चालत नाही. पंखा कॅबिनेटची हवा खोलीपेक्षा गार करू शकत नाही. जानेवारीत खोली 22 अंशांवर असते. मेमध्ये बाहेर पारा 45 ला टेकलेला असताना खोली 36 वर असते. तेच काम करताना आतला प्रत्येक भाग तेवढाच, म्हणजे चौदा अंशांनी, जास्त तापतो. आलेख 40 अंशांपासून चढत असेल, तर उन्हाळ्यात पंखा दिवसभर धावतो आणि पदरात फार थोडे पडते. म्हणून उन्हाळ्यासाठी चढ 48-50 अंशांवर सुरू करावा. वरचे टोक मात्र पूर्ण वेगाचेच ठेवावे. बायॉसमध्ये दोन प्रोफाइल साठवण्याची सोय असते, ती इथे उपयोगी पडते. त्याआधी धूळ काढावी. पुढची जाळी धुळीने भरली असेल, तर कोणताही आलेख आत हवा आणू शकत नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरावीत. हवेच्या झोतात ती मर्यादेबाहेर फिरली तर बेअरिंग खराब होते.

प्रोसेसरवरच्या पंख्याचे सॉकेट या सगळ्यापासून वेगळे ठेवावे. त्याचा थांबल्याचा इशारा कधी बंद करू नये. आणि ठरलेले आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावेत, कारण बायॉस अपडेट केले किंवा मदरबोर्डवरचा सेल बदलला की सगळी सेटिंग मूळपदावर जाण्याची शक्यता असते.