जोत्याचा दाखला

नगरपालिकेचे साहेब आज जोता तपासून गेले. टेप आमच्याच गवंड्याची. मागचं सामासिक अंतर त्यांनी जोत्याला टेकवलेल्या फळीच्या कडेपासून मोजलं. "चार इंच कमी भरतंय." गवंडी फळी काढायला पुढे झाला, तर त्याला हातानंच थांबवलं.

पैशाचा शब्द त्यांनी काढला नाही. चहा घेतला, मुलीच्या लग्नाची चौकशी केली, "आर्किटेक्टशी बोलून घ्या" म्हणाले. चीड येते ती या सभ्यपणाची. संध्याकाळी आर्किटेक्टनं फोनवर आकडा सांगितला, वीजबिलाचा सांगावा तसा. "सगळेच देतात, काका."

लाचविरोधी कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करायची, तरच सुटका. कायद्याला म्हणायला काय जातंय! दाखला नाही तर पुढचं काम नाही, बँकेचा पुढचा हप्ता नाही. भाडं मात्र चालूच. लोकसेवा हक्क कायदा २०१५पासून आहे. मुदतींचा फलकही कार्यालयात आहे, फक्त त्याच्यापुढे कपाट लावलंय.

लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर लिहून ठेवला. ही म्हणते, आधी घर होऊ दे. उद्या आर्किटेक्टला सांगणार आहे, त्रुटी असेल तर साहेबांना लेखी द्यायला सांगा. आणि ती फळी आजच रात्री उचलून ठेवतो.