उमेदवारी

परवा रविवारी सकाळी अमेरिकेतून धाकट्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. एरवी "आजी, आज जेवायला काय केलंस?" इथून सुरुवात होते. या वेळी एकदम म्हणाली, "आजी, तू शाळेत शिकवायचीस ना? मग हे वाच आणि सांग." आणि एका कॉलेजच्या माहितीचं पान पाठवून दिलं.

पोरीला फिजिकल थेरपिस्ट व्हायचंय (आपण फिजिओथेरपिस्ट म्हणतो तेच). आपल्याकडे बारावीनंतर थेट या शिक्षणाला जाता येतं. तिकडे सहसा आधी पदवी, मग साधारण ३ वर्षांचा डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपीचा अभ्यासक्रम. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक जुनं कॉलेज, पण पार दुसऱ्या टोकाला, राहण्याचा खर्च वेगळा. दुसरं घरापासून अर्ध्या तासावर, पण अभ्यासक्रम अगदी नवा. माझ्या लेकीचा जीव अर्थातच जवळच्या कॉलेजात अडकलेला.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचायला बसले. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या अभ्यासक्रमाचा दर्जा सध्या 'कँडिडेट' आहे. म्हणजे उमेदवार! आपल्याकडे पूर्वी पोरं वकिलाकडे, सुताराकडे उमेदवारी करत. काम शिकायचं, पण अजून कारागीर नाही. इथे चक्क अभ्यासक्रमच उमेदवारी करतोय.

तिकडे या शिक्षणाला मान्यता देणारा एक आयोग आहे. लांबलचक नाव आहे, सगळे त्याला 'कॅप्टी' म्हणतात. नव्या अभ्यासक्रमाने आधी या आयोगाकडून उमेदवारी मिळवायची, मग मुलं घ्यायची. पहिली तुकडी शिकून बाहेर पडायच्या सुमाराला पूर्ण मान्यतेचा निर्णय होतो. उमेदवारी म्हणजे मान्यता नव्हे आणि पुढे मान्यता मिळेलच अशी हमीही नव्हे, हे कॉलेजला स्वतःच्याच पानावर छापावं लागतं. मान्यता नसेल तर तिथल्या मुलांना परवान्यासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर ३ वर्षं आणि डोक्यावरचं कर्ज दोन्ही वाया.

त्याच्याच खाली दुसरा मजकूर होता: आमच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची. आधी कॉलेजकडे, तिथे दाद लागली नाही तर थेट आयोगाकडे. मात्र 'मला मार्क कमी दिले', 'मला काढून टाकलं' असल्या वैयक्तिक भांडणात आयोग न्यायाधीश होत नाही. कॉलेज ठरलेले निकष पाळत नसेल, तरच तो लक्ष घालतो.

हे वाचलं आणि मी डिक्शनरी मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

आमच्या शाळेतही तक्रारपेटी होती. हिरवी, लाकडी, ऑफिसच्या दाराशी टांगलेली. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. एका वर्षी तीत एक चिठ्ठी निघाली: 'प्रयोगशाळेची फी घेता, पण वर्षभरात एकही प्रयोग दाखवला नाही.' खाली नाव नव्हतं. सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, निबंधाच्या वह्या तुम्ही तपासता. अक्षर कुणाचं ते सांगा."

मी सांगितलं. नववीतल्या एका हुशार मुलीचं होतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तिला सगळ्यांसमोर उभं केलं, वडिलांना बोलावून घेतलं. त्या वर्षी प्रयोग झाले नाहीत ते नाहीतच. त्यानंतर पेटीत कुणी चिठ्ठी टाकली नाही, आणि आम्ही म्हणायचो, आमच्या शाळेत तक्रारच नाही!

त्या मुलीने मार्क मागितले नव्हते, कुणा सरांची चहाडीही केली नव्हती. शाळेने जे द्यायचं कबूल केलं होतं तेवढंच मागितलं होतं. तक्रार आणि कागाळी यातला फरक त्या पोरीला कळला होता, मला नाही.

संध्याकाळी मी नातीला फोन केला. म्हटलं, "कॉलेज नवं आहे म्हणून वाईट ठरवू नकोस. जे आपली कच्ची बाजू छापतंय ते निदान लपवत तरी नाही. पण दोन प्रश्न लेखी विचार. मान्यतेचा निर्णय कधी अपेक्षित आहे? आणि नाहीच मिळाली, तर आत असलेल्या मुलांचं काय करणार? उत्तर लेखीच घे. आणि कॅप्टीच्या यादीत त्यांचा दर्जा स्वतः बघ."

"आणि आजी, असं विचारलं म्हणून ते चिडले तर?"

"चिडले तर तेच तुझं उत्तर समज," मी म्हटलं.

पत्र गेलंय, उत्तर अजून यायचंय. लेक माझ्यावर जरा फुगलीय, असो. तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं असा प्रवेश घेत असतील तर तेवढं बारीक अक्षर वाचा, एवढंच सांगायचं होतं.

त्या मुलीचं अक्षर मला अजून आठवतं. उजवीकडे किंचित झुकलेलं, टपोरं. ती आता पन्नाशीची असेल. तिची माफी मागायची माझी राहूनच गेली.