अडखळते चित्र

शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजले की आमच्या घरातील एका खोलीचे दार बंद होई. आत धाकटे चिरंजीव संगणकावर खेळत बसत आणि खेळता खेळता मोठ्याने बोलत. हा खेळ त्याच क्षणी इंटरनेटवरून इतरांना दिसतो, एवढे मला ठाऊक होते. एकाने खेळावे आणि दहांनी ते बघत बसावे, यात कोणता पुरुषार्थ, हे मात्र कधी उमगले नव्हते. (क्रिकेट मीही बघतो, याची आठवण मुलाने मला एकदा करून दिली होती.) आठ वाजता जपमाळेची प्रार्थना. तो दहा मिनिटे उशिरा येई आणि पहिल्या रहस्यापासूनच माझे चित्त विचलित होई.

गेल्या पावसाळ्यात तो खोलीतून चेहरा पाडून बाहेर येऊ लागला. विचारले तर म्हणे, "चित्र अडखळतं, डॅडी. नुसतं खेळलं तर काही नाही, दाखवायला गेलं की लंगडतं."

अडखळणारे चित्र म्हटले की मला २०२० सालची टाळेबंदी आठवते. चर्चची दारे बंद होती आणि आम्ही मोबाईलसमोर बसून मिस्सा ऐकत होतो. ऐन प्रवचनात फादरांचा हात हवेतच थांबे आणि पुन्हा हलू लागे, तेव्हा विश्वासांगीकार सुरू झालेला असे. तो दोष इंटरनेटचा होता, म्हणून हाही त्याचाच असणार, असे मी ठरवून टाकले आणि अधिक वेगाची, अधिक पैशांची जोडणी घेतली. फरक तसूभरही पडला नाही. पैसे वाया गेल्याचा राग मी मुलावर काढला.

त्या रात्री सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तो कोणासाठी खेळतो, ते एकदा विचारा तरी."

तो थोरल्यासाठी खेळत होता. थोरला टोरांटोला असतो. आपल्याकडे साडेसात वाजतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत तिथे सकाळचे दहा झालेले असतात. माइनक्राफ्ट नावाच्या त्या खेळात चौकोनी ठोकळे रचून वाटेल ते बांधता येते. दोघे भाऊ त्यात आमची जुनी वाडी बांधत होते. कौलारू घर, केळीचे वाफे, आणि बावखल. ते बावखल मी २००३ साली बुजवले. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा होता, धाकट्याचा जन्म त्यानंतरचा. म्हणून थोरला तिकडून बघून सांगे आणि हा ठोकळे रची. चित्र अडखळू लागले की थोरल्याची सूचना पोहोचेपर्यंत हात भलतीकडेच गेलेला असे. शेवटी तो दहा मिनिटांत कंटाळून निघून जाऊ लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढली. मला संगणकातले फार कळत नाही, परंतु वाडीतल्या पंपाची मोटर मी उभा जन्म दुरुस्त केली आहे. यंत्र नेमके कुठे दमते, ते आधी शोधावे लागते. तो वापरतो त्या ओबीएस नावाच्या प्रणालीत हे शोधण्याची उत्तम सोय आहे. हरवलेल्या चित्रांचा हिशोब ती तीन निराळ्या ओळींत दाखवते: वाटेत, म्हणजे इंटरनेटवर, किती गळाली, चित्र जुळवतानाच किती मागे पडली, आणि चित्र आवळून बांधताना किती सुटली. आमची पहिली ओळ शून्यावर होती. माझे पैसे पाण्यात गेल्याचा याहून स्पष्ट पुरावा नको होता. तिसऱ्या ओळीतील आकडा मात्र डोळ्यांदेखत वाढत होता.

ही आवळून बांधण्याची क्रिया मोठी नवलाची आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा जसेच्या तसे पाठवायचे, तर दर सेकंदाला सुमारे ३७० मेगाबाइट मजकूर होतो. तो सहाशेपटींहून अधिक आवळावा, तेव्हा कुठे घरगुती तारेतून जातो. त्यासाठी संगणक प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतो आणि बहुतेक वेळा फक्त बदल तेवढा टिपतो. एका चित्रासाठी त्याच्या हाती एका सेकंदाचा साठावा भाग असतो. चिरंजीवांनी हे काम मुख्य प्रोसेसरवर सोपवले होते, आणि भावाला चित्र सुबक दिसावे म्हणून त्याची सावकाश, बारकाईची रीत निवडली होती. खेळही त्याच प्रोसेसरवर चाललेला. एकाच बैलाला नांगराला आणि रहाटाला एकदम जुंपण्यातला हा प्रकार!

त्याच्या ग्राफिक्स कार्डात याच कामासाठी एन्व्हेंक नावाचा स्वतंत्र विभाग होता, तो रिकामाच बसून होता. काम त्याच्याकडे सोपवले. चित्र १२८० बाय ७२० वर आणले, त्याने ठिपके निम्म्याहून कमी झाले. सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे पुरे म्हटली. मग दुसऱ्या ओळीने डोके वर काढले. खेळ मोकाट सुटून सारे ग्राफिक्स कार्ड खात होता, ओबीएसला उष्टेही मिळत नव्हते. म्हणून खेळाला ६० चित्रांची मर्यादा घातली आणि दूरवरचा प्रदेश दिसण्याचे अंतर २४ वरून १२ वर आणले. अंतर निम्मे केले की क्षेत्र जवळजवळ चौथ्या हिश्शावर येते.

एवढे करूनही अर्ध्या तासाने चित्र पुन्हा लंगडले. मी लॅपटॉपच्या तळाला हात लावला आणि मला हसू आले. भाजत होता. साहेब तो उशीवर ठेवून खेळत होते! फार तापला की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी आपणहून वेग उतरवतो. आम्ही तळ उघडला. पंख्यापाशी धुळीची लोकरीसारखी गादी बसली होती. पाती बोटाने धरून हवा मारली, कारण पाती मोकाट फिरली तर पंखा बिघडू शकतो. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवला.

पुढच्या शनिवारी दार उघडेच होते. तिन्ही ओळी जवळपास शून्यावर स्थिर. थोरल्याची अक्षरे पडद्याच्या कडेला उमटली: 'आता नीट दिसतंय. पण पायऱ्या त्या बाजूला नव्हत्या.' धाकटा म्हणाला, "मग कुठल्या बाजूला?" तिकडून बराच वेळ उत्तर आले नाही. त्यालाही नक्की आठवत नसावे. धाकट्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

आठ वाजत आले होते. आतून जपमाळेसाठी हाक आली. "दहा मिनिटं थांब गं," मी म्हणालो, आणि पायऱ्या विहिरीच्या अंगाला होत्या, अकरा होत्या, खालच्या दोन उन्हाळ्यातच दिसत, असे त्याला सांगू लागलो.